कचरापेटीतल्या एक्केचाळीस प्रती

मोबाईल रंगाच्या कढईत पडला तेव्हा मी शिवी दिली नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर माझ्या तोंडाला हाड नाही असं दादा सगळ्यांना सांगत फिरतो.

आमचा भावंडांचा कापड रंगवायचा कारखाना. मी मोजमाप लिहिते, दादा कढई सांभाळतो. प्रत्येक छटेची कृती माझ्या मोबाईलमध्ये असते. संध्याकाळी मी घरी शिरले की ती वायफायवरून आपोआप माझ्या सर्व्हरवर जाते. सर्व्हर म्हणजे कपाटावरचा फुटक्या पडद्याचा जुना लॅपटॉप. परक्या कंपनीच्या कोठारात माझ्या कृती कशाला ठेवू? तिथून त्या घरच्या कॉम्प्युटरवर उतरतात आणि दादाही वाचतो. वाचतो म्हणजे नाक मुरडतो. 'तुझं डबडं' म्हणतो.

त्या सकाळी नाट्यगृहाचे व्यवस्थापक आले होते. पाच वर्षांपूर्वी आम्ही रंगवलेल्या लाल पडद्याचा एक पट्टा छत गळून खराब झालेला. नवा पट्टा तंतोतंत जुळला नाही तर अख्खा पडदा गिरणीकडून घेणार, आणि पुढचं सगळं कामही गिरणीलाच देणार. ते काम गेलं की आमच्याकडे उरतं काय? दोन कढया आणि भांडायला आम्ही दोघं. त्यात दादा डोळ्याचं ऑपरेशन होऊन घरी पडलेला. आणि ती लाल रंगाची कृती शोधता शोधता माझ्या ओल्या हातातून मोबाईल निसटला.

धावत घरी गेले. दादा एका डोळ्यावर पट्टी बांधून बसला होता. "बुडाली वही?" माझ्या हातातला निथळता मोबाईल बघून त्याने विचारलं. काय तो आनंद!

कॉम्प्युटर उघडला. लाल रंगाची नोंद जागच्या जागी, एक ग्रॅम इकडचा तिकडे नाही. "माझं डबडं पोहतं," मी सुनावलं.

मग नमुना रंगवला, वाळवला, जुन्या तुकड्याशेजारी धरला आणि माझा चेहराच पडला. नवा तुकडा भडक आला होता. पुन्हा मोजून केला, पुन्हा भडक. दादाला विचारलं तर "लिहिलंयस तसं कर" म्हणाला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

काहीतरी चुकून पुसलं असेल म्हणून मी सर्व्हरवरची कचरापेटी उघडली. डिस्क माझी, त्यामुळे ती कधी रिकामी करायची गरजच पडली नव्हती. आत एक्केचाळीस नोंदी होत्या, सगळ्या दुसऱ्या प्रती. कधीकधी एकाच नोंदीच्या दोन प्रती दिसायच्या. यंत्राचा घोळ समजून मी दुसरी न वाचता उडवायचे.

लाल पडद्याची प्रत उघडली. माझ्या कृतीखाली लिहिलं होतं: 'काळा अर्धा चमचा जास्त टाकला, वीस मिनिटं जास्त ठेवला. नाहीतर भडक येतो. तोंडाने सांगितलं तर ही कारखाना डोक्यावर घेते, म्हणून इथे लिहितोय.'

दादा माझ्याआधी तासभर घरी येतो. तो कॉम्प्युटरवर नोंद दुरुस्त करायचा, आणि मी कारखान्यात त्याच नोंदीत भर घालून मागाहून यायचे. सर्व्हर बिचारा दोघांचंही दोन प्रतींत राखायचा, आणि मी उडवायचे ती दादाची. मला रडू आलं. रागही आला, त्याचा कमी आणि माझा जास्त.

अर्धा चमचा काळा, वीस मिनिटं. वाळल्यावर कुठला तुकडा नवा ते मलाच ओळखू येईना.

तिसऱ्या दिवशी रंगमंचावर सगळे दिवे लावून मी व्यवस्थापकांना म्हटलं, "नवा पट्टा कोणता, ओळखून दाखवा." ते दोन फेऱ्या मारून एका पट्ट्यापाशी थांबले. "हा. जरा वेगळा वाटतोय." तो पाच वर्षं जुना होता. मी सांगितल्यावर ते स्वतःवरच हसले, आणि विंगेतल्या पडद्यांचं कामही आम्हालाच देऊन टाकलं.

घरी दादा वाट पाहत होता. "जुळला?"

"जुळला. तू लिहिलंयस तसं केलं."

त्याने डोळ्यावरची पट्टी सारखी केली. मग म्हणाला, "मला वाटायचं, तू वाचून पुसतेस."

"न वाचता पुसायचे."

"ते तर जास्त वाईट."

"आणि तरी एक्केचाळीस वेळा लिहिलंस?"

"तुझं चुकलं तर लिहायला नको?"

"सगळ्या वाचल्या मी. तीन ठिकाणी तूही चुकलायस."

पट्टीखाली त्याचा गाल हलला. "मग लिही की खाली," तो म्हणाला. "मी वाचेन."