गुन्हा कबूल आहे काय?

मॅजिस्ट्रेट साहेबांनी चार्ज वाचायला ओमप्रकाशला उभे केले आणि माझ्या पोटात दुखू लागले. अमरावतीच्या कोर्टात इंग्रजीचे मराठी करून सांगण्याचे काम माझे होते. जबलपूरहून आलेल्या या देखण्या माणसाने ते महिन्याभरात घेतले. 'कम्प्लेंट' म्हणजे फिर्याद, 'अक्यूज' म्हणजे आळ घेणे, 'चार्ज' म्हणजे कोर्टाने स्वतः रीतसर ठेवलेला आरोप. हे भेद मी कोश चाळून चाळून शिकलो होतो. ओमप्रकाश यात कुठेतरी घसरेल म्हणून कान देऊन बसलो. तो घसरला नाही. मराठी पुस्तकी, पण स्वच्छ. आवाजही गोड.

पिंजऱ्यात तिवशाकडचा शालिकराम माळी उभा होता.

"तू पंजाबरावांच्या बागेत शिरलास," ओमप्रकाश म्हणाला.

"हो जी."

"संत्री चोरून नेलीस."

"हो जी."

"असा तुझ्यावर आरोप आहे. गुन्हा कबूल आहे काय?"

"हो जी."

"प्लीड्स गिल्टी, सर." साहेबांनी टाक उचलला.

आमच्याकडे मोठे माणूस बोलत असले की ऐकणारा मधून मधून 'हो जी' म्हणतो. ऐकतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. जबलपुरात वाढलेल्याला हे कुठून कळावे? आता शालिकराम तुरुंगात जाणार होता.

पण मी ओमप्रकाशवर जळतो हे साऱ्या कोर्टाला ठाऊक होते. मलाच कळेना, मला शालिकरामची काळजी वाटते आहे की ओमप्रकाशची चूक सापडल्याचा आनंद होतो आहे. उठून उभा राहिलो तेव्हाही कळले नव्हते.

"सर, मी एकदा विचारू?" साहेबांनी मान हलवली.

"शालिकराम, संत्री तू चोरली का?"

"मी कावून चोरीन जी? माह्या बागेत का कमी हायेत?"

"मग हो हो कावून करून राहिला?"

"या बाबूजीचं बोलनं चालू होतं. मुक्यावानी उभा राहू का?"

मी ते इंग्रजीत सांगितले तसे साहेब हसले. गुन्हा नाकबूल, असे लिहून घेतले. पुढच्या तारखांना फिर्यादीचे साक्षीदार टिकले नाहीत आणि शालिकराम सुटला.

सुटकेचा निकाल त्याला ओमप्रकाशनेच मराठीत सांगितला होता; बाहेर व्हरांड्यात त्याने ओमप्रकाशचे पाय धरले. "बाबूजी, तुमी होते म्हणून वाचलो."

"माझे नाही, यांचे पाय धर," ओमप्रकाश माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला. अगदी मोकळ्या मनाने म्हणाला.

त्याचे तेवढे मोठे मनही मला सहन झाले नाही.