दार नसलेल्या बँकेपुढची रांग

जिला शाखा नाही, खिडकी नाही, साधं दारसुद्धा नाही, त्या बँकेपुढे रांग लागावी हे तिच्याच नशिबी यायचं होतं. फोनवर चालणारी ही बँक तिने स्वतः उघडून सात महिने झाले होते. मोठ्या बँकांचे साहेब तिच्या बँकेला ‘खिशातलं दुकान’ म्हणून हसत, पण ती ते हसण्यावारी नेई. आज सकाळी मात्र कुणीतरी मेसेज सोडला की ही बँक बुडाली. नऊच्या आत चष्म्याच्या दुकानावरच्या तिच्या दोन खोल्यांच्या ऑफिसचा जिना माणसांनी भरला आणि रांग कोपऱ्यावरून पलीकडे वळली.

“दोन तास पैसे काढणं बंद ठेवू,” तिचा इंजिनियर म्हणाला. “दुरुस्ती चालू आहे असं टाकू. लोक थंड होतील.”

ही युक्ती तिला पाठ होती. मोठ्या बँकेत तिने बारा वर्षं काढली होती. गर्दी वाढली की तिथे एक खिडकी बंद व्हायची आणि दुसरीतला कारकून चहाला जायचा.

“एक मिनिटही बंद नाही ठेवायचं. मागेल त्याला दे,” ती म्हणाली.

बोलायला काय जातंय! ठेवींतला बराच पैसा तिने हाताशी राखला होता आणि त्यावरून गुंतवणूकदारांची बोलणीही खाल्ली होती. तरी या वेगाने तो चार वाजेपर्यंतच पुरला असता. त्यानंतर तिची बँक संपली असती.

तेवढ्यात इंजिनियरने व्यवहारांची यादी तिच्यापुढे धरली आणि लगेच जीभ चावली. सगळ्यात आधी, आठ वाजून चार मिनिटांनी, पै न् पै काढून घेणारं नाव तिच्या वडिलांचं होतं. मोठ्या बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालेले बाबा! जगाने काढले तर काढले, पण बाबांनी?

रडायला सवड नव्हती. ती जिन्यात उतरली आणि ज्याला जमत नव्हतं त्याला पैसे कसे काढायचे ते स्वतः शिकवत सुटली. एका आजींचे पैसे क्षणात निघाले, तशा त्या हिरमुसल्या. “इतकं सोपं होतं? मग काढले कशाला मी?”

दीड वाजता जिना मोकळा झाला. ती वर आली तर इंजिनियर खुर्चीवर टेकायला तयार नव्हता.

“मॅडम, लोक परत भरतायत.”

चार वाजता बँक उभीच होती. वर कालच्यापेक्षा दोनशे खाती जास्त होती. मेसेज वाचून गंमत बघायला आलेलेही खाती उघडून गेले होते.

ती खाली रस्त्यावर आली. कोपऱ्यापलीकडच्या बाकावर बाबा बसले होते, घसा पार बसलेला.

“पहिले तुम्हीच काढलेत?” तिने विचारलं. आवाजातला राग तिला लपवता आला नाही.

“मग? कुणीतरी काढून दाखवायला नको?” बाबा म्हणाले. “तीस वर्षं खिडकीत बसलोय मी. घाबरलेल्या माणसाला ‘काढू नका’ म्हटलं की तो आणखी घाबरतो. ज्याच्या हातात पैसे पडले त्याचंच तो ऐकतो. सकाळपासून रांगेत येणाऱ्या प्रत्येकाला फोन दाखवतोय. म्हणतोय, ‘बघा, अर्ध्या मिनिटात मिळाले.’”

भर रस्त्यात ती रडली आणि हसलीही. बाबांनी फोन तिच्या हातात दिला.

“काढायचे कसे ते आलं. आता भरायचे कसे ते दाखव. आणि माझी पेन्शन त्या मोठ्या बँकेतून इकडे कशी आणायची, तेही सांग.”