कंपासामागची नाल

रूपचंद गुजर हा माणूस आपल्या कामात पक्का होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. नऊ वर्षं हवाई दलात विमानाची घड्याळं, काटे, कंपास दुरुस्त करून तो तापीकाठच्या प्रकाशा या आपल्या गावी परत आला, तेव्हा गावाने त्याला केळीला पाणी देणाऱ्या इंजिनांवर बसवलं. विमानाचा कारागीर आणि डिझेल इंजिनाचा पंप! पण १९६१ साली शहाद्याच्या सुमेरमल सेठने कापसाच्या पैशातून एक जुनं, चार माणसांचं विमान घेतलं, गावाबाहेरच्या पडीक रानात धावपट्टी सपाट करून घेतली, आणि रूपचंदचं नशीब उघडलं.

विमान चालवायला रायसिंग गिरासे होता, रनाळ्याचा. पोरगेलासा चेहरा, मिशी मात्र बापाची. बोलणं थोडं, काम चोख. सुरतेला, इंदूरला सेठला न्यायचं आणि सुखरूप आणायचं. तीन वर्षांत त्याने सेठला साधा हिसका बसू दिला नव्हता.

चौसष्टच्या मार्गशीर्षात सेठने मुंबईहून ऑटोपायलट मागवला. म्हणजे एक पेटी. तिच्यात भोवऱ्यासारखा गरगरणारा जायरो. त्याला एकदा दिशा लावून दिली की विमान आपलं आपण त्या दिशेने सरळ जाणार, पायलटने हात सोडले तरी चालेल. रूपचंदने अकरा दिवस राबून ती बसवली. तारा ओढल्या, नळ्या जोडल्या, पंखांच्या दोऱ्या ताणून पाहिल्या. मग शेवटचं आणि सगळ्यात कंटाळवाणं काम. जवळ नवं लोखंड, नवी वीज आली की कंपासाचा काटा बहकतो, म्हणून जमिनीवर चुन्याच्या रेघा मारून विमान बारा दिशांना उभं करायचं, प्रत्येक दिशेला काटा किती चुकतो ते बघायचं, दुरुस्त करायचं आणि कार्डावर लिहायचं. रूपचंदने ते भर उन्हात केलं आणि कार्डाखाली झोकदार सही ठोकली. इथवर त्याच्या कामात नाव ठेवायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुहूर्त. सेठची आई झमकूबाई आल्या. ऐंशीची म्हातारी, डोक्यावरचा पदर हलू न देता विमानाची शिडी चढल्या. नारळ फुटला, कुंकू लागलं. मग त्यांनी ओटीतून काळ्या घोड्याची जुनी नाल काढली, लाल दोऱ्यात ओवलेली, आणि रूपचंदच्या हातात ठेवली. त्यांचं म्हणणं साधं होतं. यंत्र आपलं आपण चालणार, म्हणजे त्याच्यावर शनीची नजर आधी पडणार. तेव्हा नाल पुढेच बांध, जिथून वाट दिसते तिथे.

आता सांगा, नऊ वर्षं कंपास उघडून पाहिलेल्या माणसाला हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. घोड्याची नाल म्हणजे अस्सल लोखंड, आणि कंपासाला लोखंडासारखा वैरी नाही. पण म्हातारी त्याला बेटा म्हणाली होती, सेठ हात जोडून उभा होता, आणि खरं सांगायचं तर रूपचंदच्या घरच्या उंबऱ्यालाही तशीच नाल ठोकलेली होती. एवढ्या लोकांत शनीला नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. त्याने ती पायलटसमोरच्या काट्यांच्या फळीच्या आत, कंपासाच्या मागे, बोटभर अंतरावर बांधली. संध्याकाळी गुपचूप काढून शेपटीकडे बांधायची, असा बेत होता. मग पंगत बसली. सेठने त्याला आपल्या शेजारी पाटावर बसवलं, म्हातारीने स्वतः वाढलं. रूपचंद दालबाटी खाऊन, वर विडा चघळत घरी गेला. नाल तिथेच राहिली.

सकाळी सेठला ताप भरला, म्हणून रायसिंग एकटाच सुरतेला निघाला. तापीवर दाट धुकं होतं. त्याने उत्तर-दक्षिण धावपट्टीवर कंपास पाहिला, तो बरोबर होता. नालेची खोडच तशी: उत्तर-दक्षिण तोंड केलं की काटा शहाण्यासारखा वागायचा, आणि पश्चिमेला वळलं की तीस अंश थाप मारायचा. जायरो हळूहळू सरकतो, म्हणून दर पंधरा मिनिटांनी तो कंपासाशी जुळवावा लागतो. रायसिंगने नेमाने जुळवला. तिथून पुढे विमान नव्या यंत्राच्या हुकमाने, अगदी नाकासमोर, चुकीच्या दिशेला गेलं. खाली सपाट मुलूख असेल म्हणून तो नदी शोधायला धुक्यात उतरला आणि अक्कलकुव्याच्या पलीकडे डोंगराला घासला.

डोंगरातल्या खात्या नावाच्या पावरा आदिवासीने आणि त्याच्या भावांनी रायसिंगला खाटेवर घालून खाली आणलं. चिंचपाड्याच्या दवाखान्यात त्याचा जीव वाचला, डावा पाय गुडघ्यापासून गेला. सेठने रूपचंदला यंत्राकडे बघायला डोंगरावर धाडलं. मोडक्या विमानात शिरताच त्याने आधी फळीमागे हात घातला. दोरा तोडला. नाल ओढ्यात फेकली. कुणी पाहिलं नाही.

चौकशीला मुंबईहून साहेब आले. रूपचंदने कार्ड पुढे केलं. बारा दिशा, बारा आकडे, खाली सही. कंपास मी स्वतः तपासला होता, म्हणाला. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त खोटं होतं. पायलटने जायरो चुकीचा जुळवला असावा, असं साहेबांच्या वहीत गेलं. शेवटचा निकाल ज्येष्ठात लागायचा होता. गावाने मात्र लगेच लावून टाकला: गिरासे रात्री प्यायला असेल.

रूपचंद स्वतःला समजावायचा. आपण बोललो तर म्हातारीचं काय होईल? आपल्या नालेने पोराचा पाय घेतला हे ऐकून ती अन्न सोडेल. सबब छान होती, फक्त खरी नव्हती. तो भीत होता तो आपल्या सहीसाठी. त्यातून झमकूबाई भेटेल त्याला सांगत, नाल होती म्हणून रायसिंग जिवानिशी सुटला, आणि ती रूपचंदने बांधली, देव त्याचं भलं करो. ती नेमकी कुठे बांधली होती, हे मात्र कुणी विचारलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात. रूपचंद तर ताटावरून अर्धपोटी उठू लागला. दिवलीबाई, त्याची बायको, विचारून विचारून थकली. पोट बिघडलंय, एवढंच तो सांगे.

वैशाखात एका सकाळी रायसिंग कुबड्या घेऊन रूपचंदच्या दुरुस्तीच्या दुकानात आला. बसला, पाणी प्यायला. मग म्हणाला, "रूपचंदभाऊ, मन्ही परीक्षा ले."

त्याला काय हवं होतं ते कळायला रूपचंदला वेळ लागला. दुकानात सुटा कंपास होता. तो रूपचंदने फिरवायचा, रायसिंगने आकडा वाचायचा, आणि बरोबर का चूक ते रूपचंदने सांगायचं. बस्स. आपली नजर फिरली आहे का, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. तो पायाबद्दल काही बोलला नाही. घरी घड्याळात वेळ बघतो तेव्हाही बायकोला, तापीबाईला, पुन्हा विचारतो, एवढं मात्र त्याने खाली मान घालून सांगितलं.

रूपचंदने कंपास फिरवला. रायसिंगने डोळे बारीक करून वाचलं, दोनशे चाळीस. बरोबर. पुन्हा फिरवला. पंच्याण्णव. बरोबर. तीनशे दहा. बरोबर. दर वेळी तो आकडा सांगून शाळेतल्या पोरासारखा रूपचंदच्या तोंडाकडे बघायचा. सतरा वेळा विचारलं, सतरा वेळा बरोबर आलं, तरी म्हणाला, "तू मन्हं मन राखाले ते नही सांगी ऱ्हायना?"

अरे देवा. तिथे रूपचंद मोडला. त्याने कंपास खाली ठेवला आणि सगळं सांगितलं: नाल, बोटभर अंतर, दालबाटी, ओढा, साहेब. झमकूबाईंचं नाव त्याने तीनदा घेतलं. बोलताना त्याला रडू आलं, आणि आपण रडतोय याचीच लाज वाटली.

रायसिंगने खाली ठेवलेला कंपास उचलून पाहिला. मग अगदी सावकाश म्हणाला, "पाय गया ते गया. चूक कोनी बी करस. पन पाच महिना मन्हा डोयावर मन्हा इस्वास नव्हता, रूपचंद. नि तुले माहीत व्हतं."

भाऊ हा शब्द गळाला होता. रूपचंदला तेवढंच ऐकू आलं. त्याने पाय धरायला हात पुढे केला, आणि कुठला पाय धरावा ते त्याला कळेना.

रायसिंगने कागद मागितला. साहेबांना आत्ताच्या आत्ता लिही, म्हणाला. रूपचंद लिहू लागला. दुसऱ्या ओळीत झमकूबाईंचं नाव आलं, तसा रायसिंगने कुबडीने टेबल ठोकलं. "म्हातारीनं नाव काढ. बांधणारा तू शे."

नाव खोडलं. पत्र पुरं झालं. खाली तीच सही, पण झोक गेलेला. अक्षर म्हाताऱ्यासारखं आलं. आता आपला परवाना जाणार, सेठचं काम जाणार, पुन्हा केळीचे पंप नशिबी येणार, हे रूपचंदला दिसत होतं, आणि त्याचं त्याला फारसं काही वाटत नव्हतं. निदान एक काम तरी सरळ करावं म्हणून त्याने पाकीट चिकटवलं, टोपी घातली आणि दुपारच्या टपालात टाकून येतो म्हणाला.

रायसिंगने हात पुढे केला. "नही. हाई मीच टाकस."

टपालघर चांगलं पाऊण मैलावर होतं आणि वैशाखाचं ऊन तापलं होतं. रायसिंगने पाकीट सदऱ्याच्या आत ठेवलं, कुबड्या काखेत घेतल्या आणि पायरी उतरला. रूपचंद दारात उभा राहिला. सायकलवर सोडतो म्हणायचं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण ते म्हणायचा हक्क आपल्याला उरला नाही, हे त्याला कळलं.