मुंबई ते लंडन, दिवसाउजेडी

गडमुडशिंगीच्या अक्काताई साठीला टेकल्यावर पहिल्यांदा विमानात बसल्या. साल अठ्ठ्याहत्तर, जून महिना. लंडनमध्ये त्यांची लेक अंजना बाळंत व्हायची होती. जायला त्या एका पायावर तयार होत्या, अडचण एकच. घर जैनाचं, आणि सूर्य मावळल्यावर अन्न सोडाच, पाण्याचा थेंबही त्यांनी कधी घेतला नव्हता.

"दिवस बुडायच्या आत पोचतंय न्हवं ते विमान?" त्यांनी मुलाला विचारलं.

शांतिनाथनं कोल्हापुरातून त्र्यंबक मास्तरांना आणलं. मास्तर हायस्कुलात भूगोल शिकवत. त्यांनी पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरला.

"सात हजार किलोमीटरच्या वर अंतर आहे, अक्काताई. नऊ-दहा तास लागतील. पण विमान पश्चिमेला जातं, सूर्याच्या मागोमाग. सकाळी निघालात की दुपारी तिथं."

अक्काताईंना ते पटलं, न पटलं. तरी त्यांनी दशम्या आणि शेंगाची चटणी बांधून घेतली.

मुंबईत सकाळचं विमान दुपारवर गेलं. शांतिनाथचा चेहरा पडला. "अव्वा, दोन घास आत्ताच खा. वाटंत दिवस बुडंल." पण धास्तीनं त्यांनी डबा उघडलाच नाही.

विमान उडालं तसा खिडकीशी बसलेल्या पोरीनं "आई गं!" म्हणून त्यांचा हात घट्ट धरला. हातात हिरवा चुडा, डोळे रडून सुजलेले.

"कुठली गं तू?"

"बिद्रीची. सरोजिनी. वडील साखर कारखान्यात हायत." लग्न होऊन आठवड्यात नवरा लंडनला परत गेला होता, ती आता पहिल्यांदाच निघाली होती. हवाईसुंदरीनं दोनदा आणलेलं ताट तिनं तसंच परत पाठवलं.

अक्काताईंच्या मनगटावरच्या घड्याळात मुंबईच्या वेळेनं रात्रीचे साडेनऊ वाजले. त्यांनी डबा उघडला. "हे खा. घरचं हाय."

"तुम्ही पण घ्या की. एकटीला घास न्हाय जायचा."

"मी रातचं खात न्हाय, बाई. आमच्याकडं निजानीज झाली असंल."

सरोजिनीनं खिडकीची झडप वर सारली. लख्ख ऊन दोघींच्या मांडीवर पडलं. "कुठं हाय रात, मावशी?"

अक्काताई बघतच राहिल्या. नेम सूर्याचा धरलेला, घड्याळाचा न्हवं, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मग णमोकार मंत्र म्हणून त्यांनी दशमी मोडली आणि मोठा तुकडा पोरीच्या हातात दिला.

लंडनला उतरल्या तेव्हाही उजेड होता. अंजना पोट सावरत आली आणि आईच्या गळ्यात पडली. "चल अव्वा, गाडी लांब लावलीया." पण सरोजिनी ट्रंकेजवळ एकटीच उभी होती. तिचा नवरा कुठंच दिसत नव्हता.

"हिचा माणूस आल्याबिगर मी हलणार न्हाय," अक्काताई म्हणाल्या आणि लेकीला घेऊन बाकावर बसल्या.

बऱ्याच वेळानं एक तरुण धापा टाकत आला. तो दुपारीच येऊन गेला होता. विमान उशिरा येणार कळल्यावर कामावर गेला होता, आणि तिथून सुटायला वेळ झाला होता. सरोजिनी पुन्हा रडायला लागली.

"काय पावणं," अक्काताईंचा आवाज चढला, "नवी पोरगी परमुलखात अशी उभी करत्यात व्हय?"

तो ओशाळला. खाली वाकून तो त्यांच्या पाया पडला. अक्काताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, सरोजिनीचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "जावा. सुखात ऱ्हावा."

मग अंजनाचा हात धरून त्या सावकाश उठल्या.