गाडीवरचं ‘आम्ही तिघं’

हीट गन चालवण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. हे मी म्हणत नाही, बाबा म्हणतो, आणि कौतुकाच्या बाबतीत बाबा एक नंबरचा कंजूष आहे. गरम हवा किती लांबून मारायची, स्टिकरची कड कधी मऊ पडते, मग ती नखाने उचलून मागे दुमडत कशी सावकाश ओढायची, सगळं मला येतं. घाई केली की स्टिकरचे तुकडे होतात आणि गोंद गाडीवरच बसतो. मग बसा दिवसभर घासत! यंदा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी यावरच बोलले. चक्क माईकवर. हो, मीच, जी मागच्या वर्षी हजेरीलासुद्धा पुटपुटायची.

त्यामुळे शनिवारी बाबाने खालून हाक मारली, “टकळे, एक काम आहे,” तेव्हा मी दोन-दोन पायऱ्या गाळत खाली गेले.

काम आमच्याच गाडीचं होतं.

आई-बाबांचं पाट्या आणि स्टिकरचं दुकान आहे, आणि दुकानाच्या वर घर. दारात निळी व्हॅन, तिच्या बाजूवर हातभर उंचीच्या पांढऱ्या अक्षरांत ‘आम्ही तिघं’. मी रांगत होते तेव्हा लावलेलं. आता दुकान आईकडे राहणार होतं आणि गाडी बाबाकडे. हे दोघांनी मला जेवताना इतक्या गोडीत सांगितलं, की वाटलं, ताटं आपटून भांडले असते तरी चाललं असतं. बाबाला दुसऱ्या गावी काम मिळालं होतं. तिथल्या मालकाला गाडी कोरी हवी होती. रविवारी निघायचं होतं.

“मीच का?” मी विचारलं.

“मी ओढलं तर फाटेल. माझा हात हल्ली...” पुढचं वाक्य गिळून बाबा गनची वायर सोडवत बसला.

मी मनातल्या मनात हिशेब मांडला. इतकी वर्षं उन्हात भाजलेलं स्टिकर, त्यात पक्का गोंद. तो आता गाडीशी एकजीव झाला असणार. तुकडे पडतील, डाग राहतील, गाडी काही कोरी होणार नाही. आणि गाडी कोरी नाही, तर बाबा जाणार कसा? बालिश आहे, कळतंय मला. पण त्या क्षणी ते अगदी बिनतोड वाटलं. एवढं बिनतोड, की मी गन हातात घेतलीच नाही. थंडच कडेखाली नख घातलं आणि हिसडा दिला. ‘आ’च्या टोकाचा कपचा तुटून बोटात आला.

“अगं ए!” आई दुकानाच्या दारातून ओरडली. “तिकडे माईकवर भाषणं ठोकतेस आणि इथे थंड ओढतेस? लोका सांगे ब्रह्मज्ञान!”

बाबा ओरडला नाही. त्याने गन चालू करून माझ्या हातात दिली. “तापव. येईल ते.”

“नाही येणार. पक्का गोंद आहे.”

“पक्का नाहीये.”

“म्हणजे?”

“सुटणारा आहे. तापला की गाडी सोडतो, सगळाच्या सगळा. मुद्दाम तसला आणला होता.”

मुद्दाम! माझा आवाज चिरकला. “म्हणजे पहिल्याच दिवशी काढायचं ठरवलं होतं तुम्ही?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी.

“हिचीच आयडिया,” बाबा म्हणाला.

“तुझ्या दर वाढदिवसाला नवं लावायचं होतं,” आई म्हणाली. “नवा रंग, नवी अक्षरं. तू लिहायला लागलीस की तुझ्या हस्ताक्षरात. दर वर्षी काढायचं, म्हणून सुटणारा.”

“मग?”

“मग काय. गिऱ्हाइकांच्या पाट्या आधी. आपलं घरचंच, होईल सावकाश.”

“पुढच्या वर्षी नक्की,” बाबा तिच्याच सुरात म्हणाला, आणि दोघं हसले. एकाच वेळी, एकसारखे. पण ते हसू पुरलं नाही. आई पदर नसताना पदराने पुसावेत तसे हाताने डोळे पुसू लागली, आणि बाबा गाडीच्या टायरकडे बघत राहिला. 

मग मी ते काम केलं. नीट केलं. आमची अक्षरं डोक्यावरच्या रेघेने एकमेकांना धरून असतात, त्यामुळे एक सुटलं की बाकीची मागोमाग येतात. ‘आम्ही’ आलं. ‘तिघं’ आलं. गोंदाचा एक ठिपकासुद्धा राहिला नाही. एवढं सफाईदार काम मी आजवर केलं नव्हतं, आणि पूर्ण वेळ मी मनात म्हणत होते, फाट ना, फाट.

आईने पत्र्यावर फडकं मारलं आणि मध्येच थांबली.

गाडीचा निळा रंग उन्हाने पार विटला होता. रोज बघून आम्हाला ते कळलंच नव्हतं. अक्षरांखाली मात्र गाडी अजून नवीकोरी होती. गडद निळ्यात, ठसठशीत: आम्ही तिघं.

“नाही गेलं!” मी नाचायचीच बाकी होते. “बाबा, कोरी नाही झाली! आता?”

बाबाने ‘तिघं’वर तळवा ठेवला. पत्रा अजून गरम होता.

“रंग मारून घेईन,” तो म्हणाला. “तिथे गेल्यावर.”

रविवारी कोपऱ्यावर गाडी वळली, तेव्हा तिची ती बाजू आमच्याकडे आली. दुकानाच्या दारातूनसुद्धा वाचता येत होतं. आईने वाचलं, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून आत गेली. गिऱ्हाईक आलं नव्हतं.

आता बाबाचा फोन आला की मी शाळेचं, भाषणांचं, सगळं भडाभडा सांगते आणि शेवटी विचारते, “रंग मारलास?”

“मालक रोज डोकं खातो गं,” तो म्हणतो. “पण आधी गिऱ्हाइकांची कामं. आपलं घरचंच, होईल सावकाश.”

त्यावर मी फोन ठेवत नाही. तोही ठेवत नाही.