प्रीतीच्या खिडकीवरची ताडपत्री

मित्रांनो, मी एक जुनी निळी ताडपत्री आहे. हसू नका! राधानगरीकडचा पाऊस ज्यानं एकदा अंगावर घेतलाय, तो मला हसणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथून मी बाजारात आले आणि गणपती नावाच्या शेतकऱ्याच्या नजरेत भरले. दुकानदार त्याला म्हणाला, "पावणं, घेऊन जावा बिनधास्त. तुम्ही फाटशीला, ही फाटणार न्हाय!" गणपती खो खो हसला आणि मला खांद्यावर टाकून घरी घेऊन आला.

आमच्याकडची रीत अशी, की मृग लागायच्या आत घर गुंडाळून टाकायचं. सोप्याच्या, म्हणजे पुढच्या पडवीच्या, उघड्या बाजूला ताडपत्री ठोकायची, म्हणजे पावसाची झड आत येत नाही. ते काम माझं. वारा मला बडवून काढायचा, पण मी जागची हलायची नाही. गणपतीची बायको पारूबाई शेजारणींना सांगायची, "ही हाय म्हून आमची चूल कोरडी हाय बघा." तेव्हा काय ऐट होती माझी!

पुढं त्यांच्या मुलाचं, बुद्धभूषणचं लग्न झालं. त्याची बायको प्रीती जयसिंगपूरकडची, मोकळ्या रानात उन्हातान्हात वाढलेली. पोरगी भारी बडबडी. तिचं हसणं पार गोठ्यापर्यंत ऐकू यायचं.

पहिल्याच पावसाळ्यात ती जरा गप्प झाली. नवी नवरी आहे, माहेर आठवत असेल, असं सगळे म्हणाले. दिवाळीला ती पुन्हा पहिल्यासारखी खिदळू लागली. दुसऱ्या पावसाळ्यात मांडीवर छोटी स्नेहल होती, आणि प्रीती दिवसभर पडून राहू लागली. विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालं, तरी ती उठेना. पारूबाईला वाटलं, बाळंतपणाचं अंग आहे, गार वारं बाधलंय. तिनं काय करावं? मला ओढून प्रीतीच्या खोलीच्या खिडकीवरही ठोकलं! "आता वाऱ्याचा वास बी लागायचा न्हाय माझ्या सुनंला," म्हणाली. मीही छाती फुगवून उभी राहिले. त्या खोलीत पाण्याचा टिपूस गेला नाही.

दिवाळी आली, मी उतरले, प्रीती सुधारली. पारूबाई म्हणाली, वारं अडवल्याचा गुण आला. पुढच्या वर्षी तिनं मला आणखी घट्ट ठोकलं.

ते तिसरं वर्ष मात्र आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो. एका दुपारी खोलीत दिवा लावला होता. स्नेहल आईच्या पदराला धरून रडत होती, आणि प्रीती तिच्याकडं नुसतीच बघत होती. बुद्धभूषण घाबरून म्हणाला, "अगं, घे की तिला!"

प्रीती म्हणाली, "मला काय वाटंनाच झालंय वो. लेकीकडं बघून बी काय वाटत न्हाय."

मी हादरलेच! ही तीच का, जी लेकीला शिंक आली तरी धावत सुटायची? पारूबाईनं लेकराला उचललं आणि तिथंच निकाल देऊन टाकला. "हिला धाडा म्हायेरला. पोरगी ऱ्हाईल माझ्यापाशी. हिच्या हातात आता न्हाय द्यायची."

मला वाटलं, प्रीती आता आकांत करील. ती फक्त "बरं" म्हणाली आणि भिंतीकडं वळली. ते "बरं" ऐकून काहीतरी मोठं बिघडलंय हे बुद्धभूषणनं ओळखलं. दुसऱ्याच दिवशी माहेरच्या एस.टी.त बसवण्याऐवजी तो तिला कोल्हापूरला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेला.

परत आल्या आल्या तो पारूबाईला म्हणाला, "आई, ह्यो आजार हाय. काही माणसास्नी पावसाळ्यात उजेड कमी पडला की असं व्हतंय. आळस न्हाय, का वारं न्हाय. त्यांनी गोळ्या दिल्यात, आणि पुन्हा दाखवायला बोलावलंय. मला म्हणाल्या, घरात दिवसा दिवा लावता का? मी म्हटलं, व्हय की, दुपारी बी लावतो. मग म्हणाल्या, खिडकीला काय लावलंय?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मित्रांनो, त्या क्षणी मला फाटून जावंसं वाटलं. मी पाऊस अडवत होते की हो! उजेडही अडतो, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. ज्या कामाचं एवढं कौतुक झालं, त्याच कामानं त्या पोरीचा दिवस काळा केला होता. मीच!

"आगं पर झड येईल की आत," पारूबाई पुटपुटली. मग तिनंच विळा आणला आणि खर्रकन खिडकीएवढा तुकडा माझ्यातून कापून काढला. उजेड थेट अंथरुणावर पडला. पारूबाईनं त्या उजेडात सुनेचं तोंड बघितलं.

"आगं बया! किती वाळलीस गं तू! रोज ताट देत हुते, आणि मला दिसलंच न्हाय?"

गणपतीनं त्या जागी आरपार दिसणारा प्लास्टिकचा कागद लावला. दुसऱ्या सकाळपासून, डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणं, घराची घडीच बदलली. पारूबाई प्रीतीला ठरल्या वेळी उठवायची, चहा खिडकीपाशीच द्यायची. मग छत्री घेऊन दोघी डेअरीला दूध घालायला चालत जायच्या. आभाळ भरलेलं असलं तरी जायच्याच, कारण बाहेर घरापेक्षा उजेड जास्त. रात्री झोप मोडू नये म्हणून प्रीतीचा मोबाईल गणपतीच्या उशाशी. संध्याकाळी विहारात चार माणसांत बसणं. सोपं नव्हतं हं! कधी प्रीती उंबऱ्यावरच बसकण मारायची, "आज न्हाय जमत" म्हणून रडायची. मग पारूबाईही शेजारी बसायची. थोड्या वेळानं दोघी उठायच्या.

माहेरी धाडायची गोष्ट मात्र अजून मिटली नव्हती. स्नेहल आजीजवळच झोपायची, आजीच्याच हातनं जेवायची.

एकदा बाहेर धो धो पाऊस कोसळत होता. पारूबाई नातीला भात भरवत होती आणि आतून आवाज आला, "आत्या! किती कोंबताय तिच्या तोंडात? आणा हिकडं, माझ्या पोरीला मी भरवते!"

सगळं घर चाट पडलं! सासूला उलट बोललेलं त्या घरात कधी खपलं नव्हतं. बुद्धभूषण तर दारातच थबकला. पारूबाईनं मुकाट्यानं लेकरू प्रीतीच्या मांडीवर ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"भांड गं बाई," ती म्हणाली. "आणि जरा मोठ्यानं भांड."

मित्रांनो, पावसाळ्यात तुमच्या घरातलं कुणी असंच विझत चाललं, तर त्याला आळशी म्हणू नका. डॉक्टरांना दाखवा, उजेडात बसवा, हाताला धरून चालायला न्या. आणि हात जोडून सांगते, आम्हाला ठोकताना खिडकी तेवढी सोडा.