नॉर्वे पाहिलेली तिपाई

या मित्रांनो, जवळ बसा. माझ्यावर मात्र कुणी बसू नका, कारण माझ्या तीन पायांपैकी एक वाकला आहे आणि उरलेले दोघे आता मन लावून काम करीत नाहीत. मी एक जुनी घडीची तिपाई आहे. टेक्सासमधल्या अर्विंग गावी, ईशान आणि अबोली यांच्या गराजमध्ये, गवत कापायच्या यंत्रामागे मी भिंतीला टेकून उभी असते. दार वर गेलं की उजेड येतो, खाली आलं की जातो. इथला उन्हाळा असा की अंगाला हात लावला तर चटका बसेल, पण हात लावतंय कोण?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमच्या तीन नळ्या, त्यांना मधोमध जोडणारा एक खिळा आणि वर निळ्या जाड कापडाचं त्रिकोणी आसन, एवढाच माझा संसार. माझ्यासारख्या कितीतरी जणी त्याच दिवशी जन्मल्या, त्यामुळे बारसं वगैरे कुणी केलं नाही. जहाजातून, मग ट्रकमधून मी अर्विंगच्या एका दुकानात आले आणि तिथून अबोलीने मला उचललं. तिची मुलगी रुही तेव्हा सॉकर खेळायची, आणि मैदानाच्या कडेला आयांना बसायला काही नसायचं.

ते दिवस बरे होते. शनिवारी सॉकर, भाद्रपदात गणपतीच्या दर्शनाची रांग, कधी मंदिराबाहेर कुणा काकूंना बूट चढवायला दोन मिनिटांचा आधार. "किती हँडी आहे गं, कुठून घेतलीस?" असं बायका विचारायच्या आणि मी ताठ व्हायचे. पुढे रुहीने सॉकर सोडून पोहणं धरलं. तिथे बसायला बाकं होती. मला गराजमध्ये ठेवलं ते ठेवलंच. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण आम्हा वस्तूंना शाळेत जाऊन शिकावी लागत नाही.

मग एका उन्हाळ्यात ईशानची आई नागपूरहून आली. शरयूबाई. त्यांनी उभी हयात एका शाळेत भूगोल शिकवण्यात घालवली. नववीच्या वर्गात दर वर्षी त्या फळ्यावर नॉर्वेचा फाटका किनारा काढायच्या आणि मुलांना सांगायच्या, "फियॉर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली खोल दरी आणि तिच्यात शिरलेलं समुद्राचं पाणी." फळा पुसायचा, पुढच्या वर्षी पुन्हा काढायचा. खरा फियॉर्ड त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. नवरा होता तेव्हा जमलं नाही, आणि तो गेल्यावर गुडघ्यांनी संप पुकारला.

"आई, जूनमध्ये आपण नॉर्वेला जातोय. तुझा फियॉर्ड!" असं ईशानने एके दिवशी जाहीर केलं. त्या दिवशी बाई स्वयंपाकघरात नळ सोडून रडल्या, हे मला अबोलीच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं. पण आनंदाबरोबर एक भीतीही त्यांच्या मनात शिरली. गुडघा किती दुखतो हे मुलाला कळलं तर तो सगळं कॅन्सल करेल. म्हणून त्यांनी दुखणं गिळून टाकलं. जिना चढताना गाणं गुणगुणायच्या, म्हणजे कण्हणं ऐकू येऊ नये. ईशानला पत्ता लागला नाही. अबोलीला लागला. तिने गराजमध्ये येऊन माझ्यावरची जाळी झटकली आणि मला दशम्यांच्या डब्याशेजारी बॅगेत कोंबलं. मेथीच्या वासात मी समुद्र ओलांडला.

ऑस्लोमध्ये बाईंचं काय सांगू! ट्राममध्ये चढायला पायरीच नाही. बस तर थांब्यावर येऊन एका अंगाने खाली वाकायची. बाई पदर सावरत म्हणाल्या, "अगं अबोली, ही बस गुडघे वाकवते बघ. माझ्यापेक्षा हिचे गुडघे चांगले!" रुही म्हणाली, "आजी, it's called kneeling." बाईंनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मग आगगाडीने आम्ही डोंगरावर चढलो. जूनमध्ये रुळांच्या कडेला बर्फ! बाई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या, आणि समोरच्या नॉर्वेकर आजींशी खुणांनी कसली तरी चर्चा करीत होत्या. त्या आजींनी दशमी खाल्ली आणि मान डोलावली.

गाडी बदलायची होती ते स्टेशन उंचावर, वाऱ्याच्या तोंडी. फलाट माणसांनी भरलेला आणि एक बाक रिकामं नाही. पुढची गाडी उशिरा येणार होती. बाई एका खांबाला टेकल्या, मग दुसऱ्या पायावर भार टाकला, मग पुन्हा पहिल्या. अबोलीने मला उघडून पुढे केलं.

"छे गं, लोक काय म्हणतील? आणि मी काय म्हातारी झालेय?"

"आई, बसा ना, प्लीज. इथे तुम्हाला कोण ओळखतंय?"

शेवटी त्या बसल्या. मित्रांनो, माणूस बसतं तेव्हा आम्हाला त्याचं वजन कळतंच, पण ते किती वेळ उभं होतं तेही कळतं. बाईंनी बसताच दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. ईशान कॉफी घेऊन वळला आणि त्याला आईचा चेहरा दिसला.

"आई, इतकं दुखतंय? बोलली का नाहीस?"

"अरे, होईल बरं. गाडी येतेय ना."

ईशान चांगला मुलगा आहे, हे मी आधीच सांगून ठेवते. त्याला आईची काळजी आहे. पण काळजी वाटली की तो लगेच कामाला लागतो आणि मध्ये विचारायचं राहून जातं. त्याने तिथेच फोन काढला आणि डोंगर उतरेपर्यंत पुढची सगळी तिकिटं कॅन्सल केली. बस नाही, आगगाडी नाही आणि ज्या बोटीतून फियॉर्डमधून जायचं होतं ती बोटही नाही, कारण धक्क्यापर्यंत चालावं लागलं असतं. खालच्या गावात त्याने कार रेंट केली. "आता दारातून दारात, आई. फियॉर्ड वरून, गाडीतूनच बघू. No walking!" माझ्याकडे बघून तो म्हणाला, "आता हिचं काम नाही," आणि मला डिकीत सगळ्या बॅगांच्या खाली ढकललं.

डिकीतून दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. टेक्सासमध्ये ईशान डोळे मिटून ड्राइव्ह करेल, इतके तिथले रस्ते रुंद आणि सरळ. इथे एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला कठडा आणि समोरून येणारी बस. तो बिचारा घामाने भिजला होता. अबोली फोन बघून रस्ता सांगत होती, रुहीला मळमळत होतं, आणि बाई मागच्या सीटवर खाऊची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आणि बोगदे! नॉर्वेच्या डोंगरांत बोगद्यांची काही कमी नाही. एक संपला की उजेड, पाण्याचा एक तुकडा, आणि लगेच पुढचा.

"अरे, दिसलं, दिसलं! ईशान, थांब ना जरा."

"मागे गाड्या आहेत, आई. पुढे थांबू."

पुढे बोगदा. मग पुन्हा उजेड, पुन्हा "थांब ना," पुन्हा "पुढे थांबू." असं दिवसभर चाललं. एका उंच जागी त्याने गाडी थांबवली खरी, पण खाली ढग भरलेले आणि वाट उताराची. "आई, तू उतरू नकोस, घसरशील. खिडकीतून बघ, मी फोटो काढून आणतो." त्याने फोटो आणून दाखवला. फोटोत ढग होते. बाई म्हणाल्या, "छान आलाय रे." त्यानंतर त्यांनी थांब म्हणणं सोडून दिलं. मी बॅगांच्या खाली दबून पडले होते आणि मला वाटत होतं, आम्हा दोघींचंही आता काही काम उरलं नाही.

मुक्काम पाण्याजवळच्या एका गावात होता. रात्री बॅगांबरोबर मीही हॉटेलच्या खोलीत आले होते; सकाळी घरातलं कुणी उठायच्या आत बाईंनी हळूच मला काढलं. काठीसारखं मला टेकत, दर चार पावलांवर थांबत त्या रस्त्यावरच्या बसथांब्यापर्यंत गेल्या, मला उघडलं आणि बसल्या. लोक काय म्हणतील हे त्यांना एकदाही सुचलं नाही.

थोड्या वेळाने ईशान धावत आला. पायात हॉटेलच्या सपाता.

"आई! अगं काय करतेस तू? घाबरलो ना मी! फोन का नेला नाहीस?"

"नेला असता तर तू फोन केला असतास," बाई म्हणाल्या. "बस धक्क्यावर जाते. तिथून बोट सुटते. मी कालच हॉटेलातल्या मुलीला विचारून ठेवलंय."

"पण गुडघा? यार आई, तुझ्यासाठीच तर कार घेतली. इतका स्ट्रेस घेऊन दिवसभर ड्राइव्ह केलं मी!"

"माहीत आहे. तुझी मान घामाने भिजली होती, मी मागून बघत होते." बाईंचा आवाज चढला नाही, पण वर्गात लागायचा तसा ठाम लागला. "ईशान, आगगाडीत माझा गुडघा दुखत होता. खूप दुखत होता. पण मी प्रवासाला निघाले होते रे. तुझ्या गाडीत मी सामान झाले. दारातून उचललं, दारात ठेवलं. मी तुला म्हटलं होतं का, मला गाडी हवी?"

"नाही."

"तू विचारलं होतंस?"

बस आली, ऑस्लोतल्यासारखी वाकणारी नव्हे, पायऱ्यांची. बाई उठल्या, दांडी धरली, पहिली पायरी चढल्या आणि दुसऱ्या पायरीवर अडकल्या. ईशानने हात पुढे केला आणि तसाच हवेत थांबवला. "धरू, आई?" "धर," त्या म्हणाल्या. मला काखेत मारून, सपातांसकट तो मागून चढला. बसमधून त्याने अबोलीला फोन केला, की कार घेऊन तू पलीकडच्या धक्क्यावर ये, आम्ही बोटीने येतोय.

बोट हळू चालणारी होती. दोन्हीकडे कडे सरळ पाण्यात उतरलेले, वरून बारीक धबधबे, आणि कुठेतरी अशक्य उंचीवर एखादं एकटं घर. ईशानने मला डेकवर मांडलं. "बस, आई." बाई बसल्या नाहीत. कठडा दोन्ही हातांनी धरून त्या उभ्या राहिल्या. "तू बस," त्या म्हणाल्या. "थकलास तू." तो नको म्हणाला, मग बसला. त्या वजनासाठी माझी घडण नव्हती. माझा एक पाय चटकन वाकला, पण मी पडले नाही. कशी पडणार? तो बसताक्षणी झोपला होता. डोकं आईच्या कमरेला टेकलेलं, तोंड उघडं, लहानपणी झोपत असेल तसा.

बाईंनी त्याला उठवलं नाही. एक हात त्याच्या डोक्यावर ठेवून त्या समोर बघत राहिल्या. मग अगदी हळू, कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या, "मुलांनो, फियॉर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली खोल दरी आणि तिच्यात शिरलेलं समुद्राचं पाणी." कठड्यावरून खाली पाहिलं. "पाणी इतकं काळं असतं, हे सांगायचं राहिलंच तुम्हाला." त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. माझा पाय विलक्षण दुखत होता. तरी खरं सांगते, माझ्या आयुष्यात तेवढी एकच वेळ अशी आली, की मला वाटलं, बोटीने अजून थोडं रेंगाळावं.

परत आल्यावर बाई नागपूरला गेल्या आणि मी गराजमध्ये. वाकल्या पायाची तिपाई कुणाच्या कामाची? फेकून देत नाहीत, दुरुस्तही करीत नाहीत. मी आता थकले आहे. कापड विरलं, खिळा गंजला. तक्रार करायचाही कंटाळा येतो.

पण परवाची गोष्ट सांगते. ईशान कामावरून आला, गराजमध्ये गाडी लावली आणि गाडीतच बसून स्पीकरवर नागपूरला फोन लावला. काच खाली होती.

"आई, खालची रूम तुझ्यासाठी रेडी केलीय. बाथरूममध्ये दांड्या पण बसवल्या. पुढच्या महिन्याचं तिकीट..." तो मध्येच थांबला. "सॉरी, एक मिनिट. आई, तुला यायचंय का? इकडे, कायमचं?"



"नाही रे राजा," बाई म्हणाल्या. "येईन, चार महिने राहीन, रुहीला दशम्या शिकवीन. पण कायमची नाही. मला माझ्या घरात राहायचंय."

"एकटी?"

"एकटी."

"ओके, आई," तो म्हणाला. फोन ठेवला आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकून तसाच बसून राहिला. आतलं दार उघडून अबोलीने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"नाही म्हणाली."

"मग? तू समजावलं नाहीस?"

"नाही," ईशान म्हणाला. "मी विचारलं होतं."

तर मित्रांनो, तुमच्या घरी एखादी कुरकुरणारी खुर्ची, गंजलेली सायकल असेल तर तिला तेल द्या, फडकं मारा. आम्हाला काही विचारू नका, आम्हा वस्तूंना त्याचं वाईट वाटत नाही. पण घरातल्या थकलेल्या माणसाला उचलून नेण्याआधी त्याला कुठे जायचंय ते विचारा. आणि ते नाही म्हणालं, तर ते ऐकून घ्या. ऐकणाऱ्याला फार जड जातं ते. त्या दिवशी ईशान किती वेळ तसाच बसला होता, मी बघत होते, आणि माझा पाय धड असता तरी त्या भाराला माझा काही उपयोग नव्हता.